चार पडदे, एक मशीन

लॅपटॉप तापला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि सातपूरच्या कारखान्यातली चाळीस वर्षांपूर्वीची आमची खोली आठवते. आम्हा चौघींत कॉम्प्युटर एकच, पडदे आणि कीबोर्ड चार. एकीने मोठा रिपोर्ट काढला की बाकी तिघींची पडद्यावरची अक्षरं अडायची. म्हणून आधी ओरडून सांगायचं, असा आमचा रिवाज.

एका दुपारी त्या तिघी अर्धी रजा टाकून सिनेमाला गेल्या. मला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, बरं झालं, आज मशीन माझं एकटीचं! तरी सवयीने ओरडलेच, “रिपोर्ट काढतेय गं!”

“थांब ना जरा,” असं कुणीच म्हणालं नाही. रिपोर्ट झटक्यात निघाला आणि मला रडूच आलं.

आता घरात लॅपटॉप मध्येच अडतो, तेव्हा मी चिडत नाही. क्षणभर वाटतं, पलीकडे कुणीतरी बसलंय.