तिसरी पोरगी
मोसंबी सोलल्याचा वास आला की मला गेवराईचा स्टँड आठवतो. तेव्हा मी पुण्यात नर्सिंग शिकत होते आणि सुट्टीला उमापूरला घरी निघाले होते. बसमध्ये शेजारी बसलेली बाई इतकी मायाळू, की वडील अंथरुणाला खिळलेत, न्यायला कोणी येणार नाही, सगळं मी तिला सांगून टाकलं. भर दुपारी दोघी गेवराईला उतरलो. बाहेर काळ्या काचांची गाडी उभी होती. "माझा भाऊ हाय, सोडतो तुला घरी," म्हणत तिनं माझी बॅग उचललीसुद्धा. तेवढ्यात मोसंबीच्या गाड्यावरचे म्हातारे चाचा ओरडले, "बेटी, कुठं चाललीस? तुझा बाप आत्ताच हितं आलता, थांब म्हनला!" त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि वडील तर घरी अंथरुणात होते. गोंधळून बाईकडे वळले, तर तिच्या चेहऱ्यावरची माया पुसली गेली होती. बॅग तिथंच टाकून ती गाडीत बसली आणि गाडी सुसाट निघून गेली. चाचांनी मला स्टुलावर बसवलं. "खोटं बोललो, माफ कर. ही बाई आधी दोनदा अशीच पोरगी घेऊन उतरली हाय हितं." "मग त्या पोरी?" मी विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "तवा मी गप बसलो." आता माझी मुलगी एकटी पुण्याला जाते. तिला मी हे सारं सांगितलं, तेव्हा तिनंही आधी त्या दोघींचंच विचारलं.