कोरमपुरता माणूस

आर्विड ओल्सगार्ड गेले तेव्हा आमच्या साप्ताहिकात त्यांच्यावर चार ओळी आल्या. जन्म कुठला, दुधाचा धंदा कधी विकला, बायकोचं नाव आयोन, आणि शेवटी 'नगर गोल्फ मैदान सल्लागार समितीचे चौदा वर्षे सदस्य'. बास, एवढंच. मी तो पेपर घडी करून चुलीच्या सरपणात टाकला. नवरा म्हणाला, "मार्लिस, अगं मी वाचला नव्हता अजून." म्हटलं, वाचण्यासारखं काही नाहीच त्यात, मी सांगते ते ऐक. मग त्याच्यासाठी जे सांगायला लागले तेच इथे लिहितेय.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे बूट आणि बँकवाले येतात. आमचं मैदान नगराचं आहे. नऊ होल, म्हणजे चेंडू घालायचे नऊ खळगे, एक ओढा, आणि कागद गिरणीची पाळी सुटली की कामाच्याच बुटांनी खेळायला येणारी माणसं. मी तिथल्या क्लबघरात नगराच्या पगारावर काउंटर चालवत होते. कॉफी, ब्राटवुर्स्टचे सॉसेज, अंड्याचं सँडविच. मे ते ऑक्टोबर. बर्फ पडला की दाराला कुलूप, आणि मी बेकरीत पाव भरायला.

या मैदानावर लक्ष ठेवायला नगरानं नागरिकांची एक समिती नेमलेली आहे. सात जागा. मैदान नीट चालतंय का ते बघायचं आणि नगर परिषदेला सल्ला द्यायचा. अधिकार म्हणाल तर शून्य. बाकांना कुठला रंग द्यावा यावर दीड तास भांडायचं, आणि परिषदेनं भलताच रंग लावून मोकळं व्हायचं. पगार नाही, भत्ता नाही, बिस्किटंसुद्धा मीच घेऊन जायची. असल्या कामाला येतंय कोण? सातातल्या दोन जागा कायम रिकाम्या. उरले पाच, आणि कोरम चारचा. चार जण खुर्चीत बसले नाहीत तर अध्यक्षीणबाई बर्नाडीन झॅस्ट्रो पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघायच्या आणि सगळ्यांना घरी पाठवायच्या. पंचेचाळीस वर्षं शाळेत टायपिंग शिकवलेली बाई. नियम म्हणजे नियम.

त्या पाचात बाकीचे येतील न येतील, आर्विड यायचेच. सभा चारला असली की तीन चाळीसला वाचनालयाच्या तळघरात त्यांची टोपी खुंटीला लागलेली असायची. लोक मागे म्हणायचे, "कोरमपुरता माणूस." त्यांच्या कानावरही गेलं असणार, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. म्हणायचे, "गायी कधी विचारत नाहीत, आज येणार का म्हणून." शेत विकल्यावर त्यांनी एकतीस वर्षं याच मैदानाचं गवत सांभाळलं होतं. स्वतः एकदाही चेंडू मारला नाही. निवृत्त झाल्यावर समितीत आले, आणि समितीत त्यांचं काम एकच, 'नाही' म्हणणं. फुलांच्या कुंड्यांना नाही, बिअरच्या गाडीला नाही, कर्ण्यावरच्या गाण्यांना तर दोनदा नाही. दर मंगळवारी नऊ होल पायी फिरायचे, खिशातल्या चाकूनं गवताचा तुकडा उचलायचे, मुळं हुंगायचे, आणि मग माझ्या काउंटरला येऊन अंड्याच्या सँडविचला मीठ जास्त आहे म्हणायचे. चौदा वर्षं मीठ जास्त, आणि चौदा वर्षं तेच सँडविच.

आयोनबाई गेल्या त्या दिवशी... म्हणजे पुरलं त्या दिवशी. प्रार्थना अकराला होती, चर्चमधलं जेवण दोनपर्यंत चाललं. चारला समितीची सभा. तीन चाळीसला आर्विड काळ्या सुटात हजर. बर्नाडीनबाई म्हणाल्या, "आर्विड, घरी जा हो." ते म्हणाले, "घरी कोण आहे?" आणि बसले. त्या दिवशी पाण्याच्या फवाऱ्यांचा विषय होता. त्यांनी नाही म्हटलं.

आता माझं सांगते. माझा नवरा लेरॉय गिरणीत होता. गिरणी अर्धी बंद झाली, नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर आजारपणाचा विमाही गेला. त्याच्या हृदयाची झडप गळायला लागली होती. डॉक्टर म्हणाले वर्षभरात बदलायला हवी. विम्याशिवाय कशानं बदलणार? तोवर गोळ्या घ्यायच्या, तर पठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं गोळी अर्धी करायचा, म्हणजे डबी दोन महिने पुरेल. दोन पायऱ्या चढला की कठडा धरून उभा. मी हे कुणाला बोलले नाही. आमच्याकडे दुखण्याची दवंडी पिटत नाहीत. कसा आहे लेरॉय? बराय. झालं.

हंगामी माणसाला नगर विमा देत नाही, बारमाही माणसाला घरच्यांसकट देतं. तेव्हा मी एक अर्ज केला. हिवाळ्यातही क्लबघर उघडं ठेवा, मैदानावर स्कीची वाट आखा, पोरांना घसरगाड्या खेळू द्या, मी सूप आणि कॉफी विकीन. म्हणजे माझी नोकरी बारमाही. अर्जात अर्थात पोरं, स्की आणि सूप एवढंच. लेरॉयचं नाव नाही.

परिषदेची रीत अशी की समितीचा सल्ला आल्याशिवाय मैदानाच्या कुठल्या कागदाला हातच लावायचा नाही. आणि वर्षाचं सगळं मार्चमध्ये ठरतं. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत समितीनं हो म्हणायला हवं. डिसेंबरात समितीतल्या दाताच्या डॉक्टरांकडे कुणाचा तरी जबडा सुजला, कोरम नाही. जानेवारीत समितीतलेच शाळामास्तर तापानं झोपले, कोरम नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पाचवे सदस्य थंडीभर फ्लोरिडात, ते काही येत नाहीत. राहिली फेब्रुवारीची एकच सभा, आणि तिला चौघांच्या चौघांनी यायलाच हवं होतं.

बर्नाडीनबाई, दाताचे डॉक्टर आणि मास्तर माझ्या बाजूचे. आर्विड विरोधात. ते त्यांनी ऑक्टोबरातच काउंटरवर सांगून टाकलं होतं. "बर्फ तुडवला की त्याचा दगड होतो. खाली गवत गुदमरतं. होलभोवतीचं ते बारीक गवत करायला मला सहा वर्षं लागली होती, मार्लिस. मी नाही म्हणणार." म्हटलं, म्हणा. तीन विरुद्ध एक, चालतंय मला. पण मग सभेच्या आठवडाभर आधी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला नाही म्हणायला यायचीसुद्धा गरज नाही. घरी शेगडीशी बसून राहिला की संपलं. कोरम पडला, सभा पडली, अर्ज पडला. त्यापुढे मला झोप लागली नाही. लेरॉय कुशीवर वळला तरी मी त्याचा श्वास मोजत बसायची.

सभेच्या दिवशी शून्याखाली बावीस. वारा असा की शाळा बंद, टपाल बंद. अशा दिवशी शहात्तर वर्षांचा म्हातारा घराबाहेर पडला नाही तर कोण दोष देणार? तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मार्लिस, माझा ट्रक चालू होत नाही. बॅटरी गेलीय."

म्हटलं, झालं, हेच सांगायला फोन केला यांनी.

"ऐकतेयस का? मला घ्यायला ये म्हणतोय. तीन चाळीसला पोचायचंय."

मी कोट कसा घातला आणि गाडी कशी काढली ते मला आठवत नाही. ते फाटकापाशी उभेच होते, भुवयांवर बर्फ. आत बसले, पट्टा लावला, आणि पहिलं वाक्य काय तर, "मी विरोधातच मत देणार आहे. गाडी गरम करून काही उपयोग नाही."

"ठाऊक आहे मला."

"रँडी काल कॉफीला भेटला होता." रँडी म्हणजे आता गवत सांभाळतो तो. "म्हणाला, आर्विड, घरी बस, तेच तुझं मत. त्याला सांगितलं, तू आपल्या कामाचं बघ."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बर्नाडीनबाईंनी आम्हाला एका गाडीतून उतरताना पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पायावर पाडायचा धोंडा स्वतःच्या गाडीतून आणलास होय गं?"

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी पोरांबद्दल बोलले, सूपाबद्दल बोलले. आवाज जरा कापत होता, तो थंडीवर खपून गेला. मग आर्विड उभे राहिले. त्यांनी खिशातून गवताचा एक वाळका तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटं मुळांबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "माझं मत नाही. तसं लिहून घ्या. आणि तुम्ही तिघं हो म्हणणारच आहात, तर सल्ल्यात हेही घाला की प्रत्येक होलभोवती दोर बांधायचा आणि स्कीची वाट लांबून न्यायची."

बर्नाडीनबाईंनी चष्मा काढला. "आर्विड, तुम्ही विरोध करताय की सूचना करताय?"

"दोन्ही."

तीन विरुद्ध एक. सल्ला मंजूर. दाताच्या डॉक्टरांनी माझ्याकडची तीन बिस्किटं उचलली आणि सगळे आपापल्या गाड्यांच्या काचा खरवडायला पळाले.

परत निघालो. त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबवली तरी ते उतरेनात. हातमोजे घालत बसले होते.

"लेरॉयला कधीपासून मिळेल?"

"काय?"

"विमा."

म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चर्चच्या जेवणात समोरच बसला होता. गोळी सुरीनं कापली त्यानं. आयोनही कापायची. मला आपली ती पेपरमिंट वाटायची." ते काचेतून बाहेर बघत होते. "मला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"एवढं माहीत होतं, आणि तरी नाही म्हणालात?" आता माझा आवाज चढला. खोटं कशाला सांगू, रागच आला होता.

"लेरॉयला गरज आहे म्हणून बर्फ मऊ होतो का? गवताची बाजू तिथे कोण घेणार होतं दुसरं?"

"मग आलात कशाला? घरी बसायचं होतंत."

दाराचा खटका गोठला होता. त्यांनी तो दोनदा ओढला. "तुझा अर्ज माझ्या मतानं पडला असता तर म्हटलं असतं, पडू दे. पण माझ्या बॅटरीनं पडायला नको."

दार उघडलं. ते उतरले आणि पायवाटेनं हळूहळू घराकडे गेले. मी दिवे त्यांच्या वाटेवर धरून बसले, कुलूप उघडेपर्यंत.

मार्चमध्ये परिषदेनं मंजुरी दिली. तिथेही ते गेले आणि तीन मिनिटं विरोधात बोलले. जूनमध्ये विमा लागू झाला, ऑगस्टमध्ये लेरॉयची झडप बदलली. पहिल्या हिवाळ्यात होलभोवतीचे दोर आर्विडनी स्वतः बांधले, रँडीवर विश्वास नव्हता म्हणून. माझ्या सूपालाही मीठ जास्तच होतं म्हणे.

बर्फ वितळल्यावर एप्रिलात ते काउंटरला आले. सँडविच मागितलं नाही, मला म्हणाले, "चल." सातव्या होलपाशी घेऊन गेले. पोरांनी दोर ओलांडला होता. परातीएवढं गवत मेलेलं, तपकिरी, हात लावला की सुटून येत होतं. मला गुडघ्यावर बसवून त्यांनी ते दाखवलं.

"बघ. सांगितलं होतं."

"बरोबर होतं तुमचं," मी म्हटलं. आणि वर्षभर सांगायचं राहिलेलं तेही तिथेच, त्या मेलेल्या गवतापाशी बसून बोलून टाकलं. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, आर्विड, फार मोठे उपकार.

ते ओशाळले. चाकू पुसत बसले. मग चढाच्या खाली हात करून म्हणाले, "त्याला सांग, घाई नको."

मी वळून पाहिलं. लेरॉय गवताच्या बियांची गोणी खांद्यावर घेऊन चढ चढून येत होता, एकदाही न थांबता.