कोयनानगरच्या बंगल्यातले कर्नलसाहेब

नोकरीत हाताळलेल्या आरोपींपैकी बहुतेकांचे चेहरे आता मला आठवत नाहीत. या एकाचा चेहरा मात्र त्याला अटक करण्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या ओळखीचा होता. तुमच्यापैकीही पुष्कळांनी तो पाहिला असेल. सिनेमांत नायिकेचे वडील, गावचे हेडमास्तर, शेवटच्या प्रसंगात येणारे पोलीस कमिशनर अशी दोन-चार वाक्यांची कामं त्यांनी आयुष्यभर केली. त्याआधी सांगलीच्या एका नाटक कंपनीबरोबर ते जत्राजत्रांतून फिरले होते. लोक त्यांना रस्त्यात ओळखत, पण नाव कुणालाच सांगता येत नसे. मीही ते इथे लिहीत नाही.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तोच लोणंदजवळच्या गावातली एक बाई आत आली. तक्रार द्यायला आलेला माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो, हा माझा अनुभव. ही बाई खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती. उभ्यानेच म्हणाली, "सायेब, चूक माजीच हाय. मी त्यास्नी वळखलं हुतं."

महिला हवालदाराने तिला पाणी दिलं, बसवलं. मग हळूहळू हकिगत कळली.

तिचा मुलगा फौजेच्या भरतीची तयारी करत होता. आजोबा फौजी, चुलते फौजी. भरती अकॅडमी चालवणाऱ्या एका इसमाने खास कोट्यातून निवड करून देतो म्हणून सांगितलं आणि जमेल तेवढं काढून घेतलं. मग कोयनानगरजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात 'निवड मंडळ' बसवलं. टेबलामागे गणवेशातले कर्नलसाहेब बसले होते. मुलांच्या आयांनाही आत बसू दिलं होतं. कर्नलसाहेब कशावरून तरी हसले आणि बाईंनी ओळखलं. त्यांच्या माहेरच्या जत्रेत, एका नाटकात, हाच माणूस लढाईवर गेलेल्या पोराची वाट बघणारा बाप झाला होता.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"पोराला पास केलं हुतं, सायेब. मनाला म्हनलं, दिसत्यात मानसं सारखी."

गावाने मुलाला हार घालून, वाजतगाजत एसटीत बसवलं. नेमणुकीचा कागद घेऊन तो फौजेच्या ट्रेनिंग सेंटरच्या फाटकाशी गेला. तिथे कागद खोटा ठरला आणि बाकीच्या मुलांसमोर त्याला परत पाठवलं. गावात येताना तो फाट्यावर उतरलाच नाही. पुढच्या गावी उतरून उसातून चालत घरी आला. तेव्हापासून तो कुणाशी बोलत नव्हता. आपण त्या माणसाला ओळखलं होतं, हे आईने त्याला सांगितल्यावर तर तिच्याशीही नाही.

गुन्हा दाखल केला. अकॅडमीला कुलूप, चालकाचा मोबाइल बंद. सापडण्यासारखे होते ते एकटे कर्नलसाहेब. नाटक कंपनीकडून पत्ता काढून, सांगलीच्या पोलिसांना कळवून आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी दार उघडलं, आमच्या गाडीकडे पाहिलं आणि शेजारचे बाहेर येण्याआधी चपला पायात घातल्या.

ठाण्यात आणल्यावर जे झालं ते मला आवडलं नाही. पोरसवदा शिपाई त्यांच्याबरोबर फोटो काढायला लागले. एक हवालदार म्हणाला, "आवं नाना, ती कमिशनरची आर्डर म्हना की एकदा!" नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी ओरडून फोन बंद करायला लावले, पण तोवर फोटो निघाले होते. संध्याकाळी माझ्याच मोबाइलवर एक आला.

चौकशीत त्यांचं एकच उत्तर होतं. "साहेब, मला शूटिंग म्हणून बोलावलं. कॅमेरा लपवलाय म्हणाले." प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. खरं बोलणारा माणूस अडखळतो, तारखांत घोळ घालतो, मध्येच चिडतो. यांचं काहीच चुकत नव्हतं. हात थरथरायचे तेही नेमक्या जागी. दोन दिवस मी समोर बसून त्यांचं काम बघत होतो, एवढंच म्हणता येईल.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंना बोलावलं. त्या आरोपीला आधीपासून ओळखत होत्या, त्यामुळे ओळख परेडचा प्रश्न नव्हता. वाटलं होतं, शिव्या देतील. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "माज्या लेकाला तुमी इचारलंसा, घरची याद आली तर काय करशील? त्यो म्हनला, आयचा फोटू बघीन. तवा तुमच्या डोळ्यांत पानी आलं. मी बघितलं. त्ये बी खोटंच हुतं का?"

नाना म्हणाले, "मलाही कळत नाही, बाई."

त्या तीन दिवसांत त्यांनी दिलेलं, आधी तयार नसलेलं, हे पहिलं उत्तर होतं.

बाई गेल्यावर ते आपणहून बोलू लागले. पहिल्या वेळी त्यांना सराव मुलाखत म्हणून नेलं होतं. मुलांची भीड चेपायला, असं सांगून. ते त्यांना खरं वाटलं. दुसऱ्या वेळी एका मुलाच्या आईने पाया पडून कपाळ त्यांच्या बुटांना टेकवलं, आणि काय चाललंय ते कळलं.

"तरी पुन्हा गेलात?"

"गेलो."

"पैशासाठी?"

"पैसे किरकोळ होते." ते खाली बघत म्हणाले. "साहेब, आयुष्यभर मी दारातून आत आलो, दोन वाक्यं बोललो आणि बाहेर पडलो. तिथं अख्खा प्रवेश माझा होता. मी आत आलो की सगळे उठून उभे राहायचे. पोरं माझ्या तोंडाकडं बघायची. खोटं आहे हे माहीत असूनसुद्धा मी आदल्या दिवशी प्रश्नांची तालीम करत होतो. आता हे कुणाला सांगू?"

त्यांनीच सांगितलं, पुढची बैठक येत्या रविवारी, माधवनगरला, एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये ठरली होती. आम्ही साध्या वेशात गेलो. इस्त्रीचे शर्ट घातलेली मुलं आणि त्यांचे आईबाप रांगेत बसले होते. चालक तिथेच सापडला. त्याला गाडीत बसवताना एक बाप माझ्या अंगावर धावून आला. "आमच्या पोराचा नंबर लागायच्या टायमालाच बरं तुमास्नी कायदा आठवतुया!"

नानांना मी माफीचा साक्षीदार व्हायचा मार्ग सुचवला. त्यांनी नको म्हटलं. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब दिला आणि पुढे खटल्यातही गुन्हा कबूल केला. "कबूल आहे" हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की न्यायाधीशांना दोनदा विचारावं लागलं.

त्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो मुलगा आईबरोबर आला होता. नानांना नेत होते तेव्हा तो वाटेत उभा राहिला. मी पुढे झालो, वाटलं हात उचलतो. पण तो म्हणाला, "सायेब..." आणि थांबला. त्याच्याही लक्षात आलं की हा साहेब नव्हे. मग म्हणाला, "तुमी सिलेक्ट म्हनलासा तवा मला लय बरं वाटलं हुतं. तसं परत कवा वाटलं न्हाई."

नानांनी हात जोडले. मुलाने ते बघितले नाहीत. तो आईला म्हणाला, "चल, एसटी जाईल." त्याला तिच्याशी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. खाकीत असताना मला वाटायचं, गुन्हा सिद्ध झाला की लाज आपोआप योग्य माणसाच्या पदरात पडते. तसं होत नाही. आई गावात मान वर करत नव्हती. पोरगा उसातून घरी आला. नानांनी सुटल्यावर सांगली सोडली, असं मागाहून कळलं. आणि ज्याने हे सगळं मांडलं, तो अकॅडमीचा चालक शिक्षा ऐकून बाहेर आला, जमलेल्या लोकांना हसून नमस्कार केला आणि माझ्या शिपायाला म्हणाला, "चला, चहा घेऊ."