धवल्यातली मोकळी जागा

मानकोलीच्या आसपासच्या गावांत ठमाबाईला न घाबरणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. काळी, काटकुळी बाई. तोंडात मशेरी आणि त्या मशेरीतूनच शिव्या. मी भिवंडीला लूमवर कामाला होतो. शिफ्ट सुटली तरी कानातला खडखडाट सुटत नाही. समोरच्याचं अर्धं कळतं, अर्धं हसून निभावून न्यायचं. ते तिने बरोबर हेरलेलं. "दाम्या, कान लूमवरच ठेवून आलास का रं?" असं भर रस्त्यात विचारायची, आणि बरोबर चार बायका असल्या तर दोनदा विचारायची.

पण कुणाच्या घरी लग्न ठरलं की तीच शिव्या खाणारी माणसं सुपारी घेऊन तिच्या दारात. ती धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांत हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक कामाचा आपापला धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, आणि तो म्हणायला धवलारीण. ती एक ओळ म्हणणार, भोवतीच्या बाया तीच ओळ धरून परत म्हणणार, तोवर ती दम घेणार. असं तासन् तास. लहानपणापासून मी ते मंडपाबाहेरून ऐकत आलो. ठमाबाईचा आवाज काही गोड नव्हता, खरखरीत होता. पण ती ओळ सोडायची आणि पंचवीस-तीस बाया एका दमात ती उचलायच्या, तेव्हा अंगावर काटा यायचा. आपल्या घरी लग्न आहे असं तेव्हा कुठे वाटायचं.

तिचा एकुलता एक मुलगा अनंता माझा जिवाभावाचा दोस्त. त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. एरवी तो भिवंडीच्या लूमवरून कापडाचे तागे गोदामांत पोचवायचा. लग्नसराई आली की केबिनच्या टपावर कर्णा बांधायचा, मागच्या हौद्यात रेकॉर्डचं मशीन ठेवायचा आणि लग्नघरी उभा राहायचा. सिनेमाची गाणी वाजायची, पोरं नाचायची. सगळे खूश होते, ठमाबाई सोडून. कर्णा वाजायला लागला की तिचं कुणाला ऐकू येत नसे. एकदा पडघ्याकडच्या एका लग्नात घरधनी तिला म्हणाला, "आजी, जरा थांबा, रेकार्ड लागलीय." ती थांबली. आणि रेकॉर्ड लावली होती तिच्याच मुलाने.

ते अनंताच्या मनाला फार लागलं. घरी परतताना आईला शेजारी बसवून तो गाडी चालवत होता, आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी आई गप्प होती, असं त्याने मला सांगितलं. म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं रं." त्याच वेळी त्याने ठरवलं, की आता असा आवाज बसवायचा की आईचा धवला साऱ्या गावाला ऐकू जाईल.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. भिवंडीत धामणकर नाक्याला मोमीन मिस्त्रीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अनंताने पिकअप तिथे नेऊन लावली ती कामाचे दिवस बुडवून. मीही शिफ्ट सुटली की तिकडेच. कर्णा उतरवला. सीटखाली आणखी एक बॅटरी बसवली. जुनं मशीन जाऊन नवीन अँप्लिफायर आला, त्याला टेप जोडला, कॅसेटवर भरूनही घेता येईल असा. हौद्यात दोन लाकडी खोकी बसवली, त्यांत हे एवढाले स्पीकर. खोकी रस्त्याला खडखडू नयेत म्हणून मी लूममधला सुताचा कचरा पोतं भरून आणून दिला, तो मिस्त्रीने आत दाबून भरला. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून डायनामोची शिट्टी यायची. तिच्या पाठी मिस्त्री हात धुऊन लागला होता. कंडेन्सर लाव, काढ, दुसरा लाव. शेवटी शिट्टी गेली. मग लांब वायरीचा माइक जोडला आणि ठमाबाईला बोलावून आणलं.

"अम्मा, इसमें बोलो ज़रा," मिस्त्री म्हणाला.

"काय बोलू याच्यात, माजं कपाल?" ठमाबाई म्हणाली, आणि तिचं कपाळ सगळ्या नाक्याला ऐकू गेलं. टांगेवाले वळून बघायला लागले. ती दचकली, मग हळूच हसली. पदर सावरून तिने एक ओळ म्हटली.

पाटावर बसली नवरी गो माजी,
मायेची सावली गो तिच्या पाठी.

स्वतःचा आवाज एवढा मोठा होऊन आलेला ती मान कलती करून ऐकत राहिली. "अनंता, ही तर तरनी बाई वाटते रं," म्हणाली. त्या माउलीला इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच नाही.

नव्या आवाजाचं पहिलं लग्न आमच्या गावचंच निघालं. ठमाबाईच्या शेजारच्या नामाच्या थोरल्या मुलीची, काशीची हळद. अनंताने गाडी मंडपाला लावली, माइक आईच्या हातात दिला आणि स्वतः बटणापाशी उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. ठमाबाईने पहिली ओळ म्हटली. स्पष्ट, मोठी, शेवटच्या घरापर्यंत गेली. मग सवयीने थांबली.

कुणी ओळ धरली नाही.

बायांचा त्यात काही वाकडा हेतू नव्हता. माझी बायकोही त्यांत होती, तिला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "एवढं छान येत व्हतं, मधी आपला भसाडा आवाज कशाला?" रेडिओ लागल्यावर त्याच्याबरोबर कोण गातं? तसंच झालं. हळदीचे हात गुडघ्यावर ठेवून सगळ्या कौतुकाने ऐकत बसल्या. ठमाबाईने वाट पाहिली, दुसरी ओळ म्हटली, पुन्हा थांबली. पुन्हा काही नाही. मग ती आपली ओळ आपणच परत म्हणायला लागली. दम घ्यायला जागा उरली नाही, आवाज चिरकायला लागला. अनंताला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्याने बटण वाढवलं. तो जसजसा वाढवत गेला तसतशा बाया आणखी गप्प होत गेल्या.

शेवटी न राहवून ती शेजारच्या बायांना हळूच म्हणाली, "बायांनो, धरा की गो." माइक तोंडाशीच होता. ती विनवणी साऱ्या गावाने ऐकली, आणि सारं गाव हसलं. प्रेमानेच हसलं, पण हसलं. ठमाबाईने माइक पाटाशेजारी ठेवला. शिवीसुद्धा दिली नाही. पोरांनी लगेच सिनेमाचं गाणं मागितलं, आणि अनंताला ते लावावं लागलं.

त्यानंतर तिचा दम खरोखरच गेला, की गाण्यावरचं मन गेलं, मला सांगता येणार नाही. बोलावणी मात्र येत होती. अनंताने मग एक तोड काढली. आईला ओटीवर बसवून त्याने सगळे धवले कॅसेटवर भरून घेतले. मी होतो तिथे. प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची. अनंता म्हणाला, "आये, मधी थांबू नको, कॅसेट रिकामी जाते." 

"न थांबता कसं म्हनू?" ती म्हणाली. "त्या बायांना जागा नको?"

अनंताने मग त्या जागा तशाच ठेवून टेप भरली.

कॅसेट चांगलीच चालली. लोक गाडी ठरवतानाच विचारू लागले, आईची टेप आहे ना बरोबर? म्हातारीला यायचा त्रास नको, आणि रीतही झाली. पुढच्या वर्षी नामाच्या धाकट्या मुलीची हळद निघाली, तिचं ठमाबाईला आमंत्रण आलं ते शेजारीण म्हणून. सुपारी आली नाही. ती आली, कडेच्या चटईवर बसली. अनंताने टेप लावली. नवरी पाटावर बसली, बाया हळद लावता लावता गप्पा मारत होत्या. ओळ यायची, मग तेवढीच शांतता, मग पुढची ओळ. कुणीतरी म्हणालं, टेप मधेमधे अडकतेय वाटतं.

माझं लक्ष ठमाबाईकडे गेलं. तिचे ओठ हलत होते. लूमवर आम्ही ओठांवरूनच बोलतो, तिथे दुसरा इलाजच नसतो. त्यामुळे मला ते वाचता आलं. टेपमधली ठमाबाई थांबली की चटईवरची ठमाबाई तीच ओळ धरत होती. मायेची सावली गो तिच्या पाठी. मग पुढच्या ओळीसाठी थांबत होती. तेवढ्या बायांत ओळ धरणारी ती एकटी.

मी अनंताच्या दंडाला धरून तिकडे दाखवलं. त्याला आधी कळेना, म्हणून मी कानात सांगितलं. त्याचा चेहरा मला बघवेना. आईचं ऐकू यावं म्हणून त्याने आवाज कमी केला, अगदी कमी.

"अनंता, मोठा कर की रं," मंडपातून बाया ओरडल्या, "आयचं गानं ऐकू येत न्हाय."

त्याने आईकडे पाहिलं. तिनेही हाताने खूण केली, वाढव. अनंताने बटण फिरवलं. मग तो पिकअपच्या मागे गेला आणि त्या खोक्यांना डोकं टेकून मोठ्याने रडला. स्पीकर चालू होते, मंडपात कुणाला ऐकू गेलं नाही.