बिनकोटाचे सर

सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन कोल्हापूरकडून परभणी जिल्ह्यातल्या पालमला आले. सासरच्यांनी मला हाकललं, लेक मात्र ठेवून घेतली. माहेर लांब, ओळखीचं कुणी नाही. तेव्हा परभणीच्या लॉ कॉलेजातले एक सर भेटले. कॉलेजातल्या फुकट सल्ल्याच्या खोलीत बसून त्यांनीच लेक परत मिळावी म्हणून माझा अर्ज लिहिला. बोलताना त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा, वकील पांढरी पट्टी नीट करतात तसा. पट्टी नसायचीच. पूर्णवेळ प्राध्यापक झाल्यावर त्यांना वकिलीची सनद परत करावी लागली होती.

तारखेला ते माझ्याशेजारी बसले. जजसाहेबांनी मला विचारलं, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी सर उभे राहिले. तसा सासरचा वकील उठला. हा सरांचाच विद्यार्थी. मघाशी व्हरांड्यात त्यांच्या पाया पडला होता.

"साहेब, सर प्राध्यापक आहेत. त्यांना इथं बोलता येत नाही."

मागं कुणीतरी हसलं. सर खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मीच शिकवलंय."

माझ्यापायी त्यांचं हसं झालं. लाजेनं कान तापले, आणि त्या लाजेनंच मी बोलले, "साहेब, लेक माझ्याबिगर जेवत न्हाई."

सासरच्यांनी कोर्टात आणलेली लेक जजसाहेबांनी पुढच्या तारखेपर्यंत माझ्याकडं दिली. बाहेर पाया पडायला वाकले तर सर मागं सरले.

"नको ताई. मला कुठं काय करता आलं? तुमीच बोललाव."

लेक कडेवर होती, तरी मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.