खिळा न ठोकायची भिंत

बँकेचा सर्व्हेवाला येणार म्हणून बाबांनी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती. ते मल्हारगंजमध्ये रेडिमेड कपड्यांच्या एका कारखान्यात कटिंगमास्तर आहेत. कारखान्यापासून जवळच, एका अरुंद गल्लीत आम्ही घर पसंत केलं होतं आणि बँकेकडे कर्ज मागितलं होतं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि जुन्या पद्धतीचं गर्डर-फर्शीचं छत, म्हणजे लोखंडी गर्डर आणि त्यांवर दगडी फरश्या. आमच्यात आजवर कुणी घर विकत घेतलेलं नव्हतं. पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर इंदूरला आले, त्यांना राहायला जागा मिळाली होती, असं बाबा सांगतात. ती कशी गेली हे कुणालाच ठाऊक नाही. मला आठवतं तसं आम्ही भाड्यानंच राहतोय.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे इंग्रजी कागद दिसला की तो माझ्याकडे येतो. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही, पण हे घरी सांगायचा धीर होत नाही.

सर्व्हेवाले साहेब स्कूटरवर त्या घरी आले. हेल्मेट ओट्यावर ठेवलं, दाराचा फोटो काढला, वीजमीटरचा काढला, बाबांना दारात उभं करून एक काढला. बाबा हात जोडून उभे राहिले. साहेब म्हणाले, "हाथ नीचे, अंकलजी." आत येऊन त्यांनी एक छोटं यंत्र भिंतीकडे धरलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला, यंत्रात आकडा आला, तो त्यांनी मोबाईलमध्ये टिपला. मग मागच्या खोलीतही तसंच. जिना अंधारा आणि अरुंद होता, वर ते गेलेच नाहीत.

मी विचारलं, "सर, छत नहीं देखेंगे?"

"हो गया बेटा, सब हो गया."

बाबांनी त्यांच्यासाठी कचोऱ्या आणवल्या होत्या. त्या पुडीतच राहिल्या आणि मग आम्हीच खाल्ल्या. बाबा खूश होते. "सर्व्हे झाला," ते आईला म्हणाले. "आता पास झालं की समज घर पक्कं. बँक काय असंच पैसे देते का?"

दहा-बारा दिवसांत फोन आला की घर पास झालं. आईनं देवाजवळ साखर ठेवली.

त्या रविवारी आम्ही मायलेकी कपाट कुठे बसेल ते बघायला त्या घरी गेलो. आईला मागच्या खोलीतली आतली भिंत आवडली. तिथे देव्हारा लावू, असं ती म्हणाली. घर विकणाऱ्यांकडची म्हातारी पलंगावर लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "वहाँ कील मत ठोकना बई, पीछेवाले लड़ने आ जाते हैं."

आई हसली. "असे शेजारी सगळीकडे असतात," म्हणाली. मी मात्र त्या भिंतीकडे बघत राहिले. बाकीच्या तिन्ही भिंतींवर कॅलेंडरं, घड्याळ, नातवाचा फोटो, पिशव्यांचे हूक होते. ही एकच भिंत कोरी. आपल्या घरातल्या भिंतीवर खिळा ठोकला तर शेजाऱ्याला भांडायचा हक्क कुठून येतो? आणि वर बघितलं तर छताचे सगळे गर्डर एका टोकाला त्याच भिंतीत शिरलेले.

घरी आल्यावर मी बाबांना हे सांगितलं. नीट सांगता आलं नाही बहुतेक. ते म्हणाले, "बँकेच्या माणसानं यंत्र लावून बघितलंय. तुला त्याच्याहून जास्त कळतं का?"

"मग त्यानं काय लिहिलंय ते तरी बघू. सर्व्हेची फी आपणच भरलीय ना?"

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून मी बाबांबरोबर बँकेच्या पलासियाच्या शाखेत गेले. कर्ज देणारे अधिकारी तरुण होते, बोलायलाही चांगले. मी घरून वाक्य पाठ करून नेलं होतं, तरी अडखळलेच. "सर, हमारे मकान की सर्वे रिपोर्ट की कॉपी मिलेगी?"

"वो तो बैंक का इंटरनल डॉक्यूमेंट है. कस्टमर को नहीं देते."

"पर फीस तो हमने दी है."

"फीस कस्टमर ही देता है." ते हसले. मूर्ख प्रश्नाला माणूस हसतो तसे नाही, रोजच्या प्रश्नाला हसतो तसे.

मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर काहीतरी उघडलं, वरखाली केलं. "देखिए, उस इलाक़े में ज़मीन का ही रेट इतना है कि हमारा लोन कवर हो जाता है. बैंक को ये देखना है कि अपना पैसा न डूबे. समझ लो कल मकान गिर भी जाए, ज़मीन तो है ना?"

"और उस मकान में रहनेवाले?"

"वो तो आपको देखना है. लेने से पहले अपना इंजीनियर लगवा लेते."

मला तेव्हा राग आला तो अजून गेलेला नाही. आमच्या पैशानं माणूस पाठवता, आमच्या दारात आमच्या बापाला उभं करून फोटो काढता, 'पास' असा शब्द वापरता, आणि ते पास होणं आमच्यासाठी नव्हतंच? मग हे आधी कुणी का सांगत नाही? कर्जाच्या कागदांवर बाबांनी पानापानावर सह्या केल्या, त्यात कुठेतरी हे बारीक अक्षरात असेलही. पण फोनवर तेच लोक मोठ्या आवाजात म्हणाले होते, "बधाई हो, मकान पास हो गया." कटिंगमास्तरानं यावरून काय समजायचं? ज्याच्या बापानं, आज्यानं कधी घर घेतलं नाही, त्याला 'अपना इंजीनियर' असा काही प्रकार असतो हे कुणी शिकवायचं? मी कॉमर्स शिकते. मलाही माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर बाबांनी गाडीला किक मारली आणि घराकडे न वळता मल्हारगंजला आले, तेही पसंत केलेल्या घराच्या गल्लीत नाही, पाठच्या गल्लीत. त्या भिंतीच्या पलीकडे जे राहतात त्यांचं दार तिकडे उघडतं. बाबांनी ते वाजवलं.

दार उघडणारे गृहस्थ बाबांच्याच वयाचे होते. आधी पाणी दिलं, मग सांगितलं. त्यांचं आणि आम्ही घेणार होतो ते, दोन्ही मिळून पूर्वी एकच घर होतं. दोन भावांच्या वाटणीत मधली भिंत पाठच्यांकडे आली. "दीवार हमारी है भिया, सबको मालूम है. गर्मी में इसको तोड़ के पिलर उठाएँगे, ऊपर दो मंज़िल डालनी है. सामनेवालों को कब से बोल रखा है कि अपने गर्डर का इंतज़ाम कर लो." मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. "आपको बताया नहीं क्या?"

म्हणजे त्या घराला चौथी भिंत स्वतःची नव्हतीच. उन्हाळ्यात ती पडली असती आणि आमचं छत टेकायला काही उरलं नसतं. यंत्राचा लाल ठिपका पडला होता तो याच भिंतीवर.

संध्याकाळी बाबा घर विकणाऱ्यांकडे गेले. मीही गेले. दलालही येऊन बसला. बाबांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या खर्चानं आतून गर्डरला वेगळा आधार द्या आणि भिंतीचं जे आहे ते व्यवहारात लिहा, मग मी सही करतो.

दलाल म्हणाला, "अरे अंकलजी, पुराने शहर में सबकी दीवारें ऐसी ही हैं. यहाँ सब मोहब्बत से चलता है."

"मोहब्बत पर गर्डर टिकेगा क्या, भिया?" बाबा म्हणाले.

विकणाऱ्यांचा चेहरा उतरला. "बैंक ने पास किया है. उसके बाद आप कौन होते हैं नुक़्स निकालनेवाले?" मग माझ्याकडे बोट. "लड़की को ज़्यादा पढ़ा दो तो यही होता है. चार किताबें पढ़ लीं, अब दीवारें गिन रही है."

मला खूप बोलायचं होतं. तुम्ही स्वतः त्या भिंतीला खिळा ठोकत नाही आणि आम्हाला तिच्या आधारावर झोपायला सांगता, असं काहीतरी. पण त्याआधीच बाबा उठले. "गिनने के लिए ही पढ़ाया है," म्हणाले आणि चपला घातल्या.

व्यवहार मोडला. बयाणा पूर्ण परत आला नाही. मामा येऊन आईला सांगून गेला की हातचं घर पोरीच्या शंकेपायी घालवलंत. आईनं त्याला चहा दिला. मलाही मधूनच वाटायचं, लोक राहतातच की अशा घरांत. मग वाटायचं, राहतात म्हणून काय झालं? त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

परवा आम्ही शहराच्या टोकाला एक घर बघायला गेलो. नवा दलाल होता. त्यानं कुलूप उघडलं, दिवे लावले आणि "आइए अंकलजी" म्हणून आत गेला. बाबा आत गेले नाहीत. ते शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दलाल बाहेर आला. "अंकलजी, मकान ये वाला है."

"हाँ भिया, दिख रहा है."

मला पुन्हा राग आला, बाबांचा नाही. आठवड्याच्या एकुलत्या सुटीच्या दिवशी माझ्या बापानं अनोळखी लोकांची दारं वाजवायची आणि ज्यांना या कामाचे पैसे मिळतात त्यांनी ओट्यावर हेल्मेट ठेवून निघून जायचं.

दार अर्धवट उघडलं. पिठाच्या हातांनी एक बाई साखळीमागून बघत होत्या. बाबांनी हात जोडले, मग आठवल्यासारखे खाली घेतले.

"माफ़ करना बहनजी," ते म्हणाले, "ये बीच की दीवार किसकी है?"

"क्यूँ? आप लोग ले रहे हो क्या?"

"पहले ये बताओ," बाबा म्हणाले. बाईंनी साखळी काढली.