आपल्या लेकराचं दुसऱ्या आईनं बोलायचं

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी हेडसरांच्या ऑफिसात रडले आणि तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण सरांच्या तोंडाकडं बघायचा धीर नव्हता, म्हणून मी त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडं बघत होते.

माझी स्वरा आठ वर्षांची. तिचे पाय जन्मापासून ताठ. भिंतीला धरून चालते, पण पायऱ्या चढवत नाहीत, आणि तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर! सर म्हणाले, "अजून एक वर्ष दुसरीतच बसू द्या की. वर्ग खालीच हाय. तिला कसली घाई?"

मला सांगायचं होतं, सर, तिला दुसरीची पुस्तकं तोंडपाठ आहेत. पण शब्दच फुटेना.

बाहेर व्हरांड्यात शकिलाभाभी आणि मंगलअक्का बसलेल्या. भाभीच्या समीरला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. अक्काच्या नातवाला, ओंकारला, कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागतो.

अक्का म्हणाल्या, "कावून रडतीस? आमी पन रडलोच की! आपल्या लेकराचं बोलाया गेलं की गळा दाटतो. आता तुझ्या पोरीचं मी बोलते, तू समीरचं बोल, अन् भाभी माझ्या ओंकारचं."

झाला नियम! तेव्हापासून किस्से इतके साठलेत, की भाकरी थापताना एखादा आठवतो आणि तव्यावरची करपते.

*

मी समीरचं बोलायला गेले. "सर, त्याला पुढं बसवा. फळ्याकडं तोंड करून बोलू नका, तो तुमचे ओठ बघतो." दुसऱ्याच्या लेकरासाठी माझा आवाज इतका खणखणीत कसा निघाला, मलाच नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात सरांचा निरोप, "ताबडतोब या. तुमच्या पोरानं एकाचा डबा खाल्ला."

धावत गेले, तर समोर समीर! मी त्याला दटावलं, त्या डब्यावाल्या पोराची समजूत काढली आणि परत निघाले. वाटेत भाभी भेटल्या.

"कुठं गेलतीस गं?"

"समीरचं भांडण मिटवायला. सरांना वाटतंय तो माझाच हाय."

"बरं झालं. आता त्याला आंघोळबी तूच घालत जा!"

*

ओंकारच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अक्का बीडच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "स्वतः जेवतो का?"

"जेवतो तर! ताटबी धुतो."

"कपडे?"

"घालतो की. माझ्या लुगड्याची घडीबी करतो."

"मग आजी, आलात कशाला?"

हात हलवत परत! भाभी लई चिडल्या. "नियम काय ठरला हाय आपला? पुढच्या खेपेला तुमी बाहेर थांबायचं. खरं काय ते मी सांगते."

पुढच्या खेपेला भाभी आत गेल्या आणि खाली मान घालून बाहेर आल्या. म्हणाल्या, "अक्का, माफ करा. डॉक्टरांनी विचारलं अन् मला राहवलंच न्हाई. आपला ओंकार गानंबी म्हणतो, असं सांगून आले!"

दाखला तिसऱ्या खेपेला मिळाला. तेव्हा दोघींनाही बाहेर बसवून मी आत गेले होते.

*

दिवाळी झाली की अक्काचं अख्खं घर ऊसतोडीला जातं. सर म्हणाले, "पोरगं सहा महिने फडात राहणार, तर वर्गात त्याची जागा धरून काय करू?"

ओंकारचं बोलायची पाळी भाभीची. त्या ताडकन म्हणाल्या, "न्हाई जाणार तो! माझ्याकडं राहील!"

रागात बोलून गेल्या. घरी विचारलेलं नव्हतं, अक्काला विचारलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर अक्का आपल्या घरात शिरल्या आणि ओंकारच्या कपड्यांची पिशवी भरून त्याच्या हातात दिली. तशाच आम्ही भाभीच्या घरी गेलो.

भाभीचे मालक दारातच उभे होते. त्यांनी ओंकारकडं बघितलं, त्याच्या पिशवीकडं बघितलं, मग भाभीकडं.

"इसकू तिखट चलता क्या?"

संपला विषय!

*

स्वराचं मात्र वर्षभर "बघू" वरच अडलेलं. मला धास्ती, पोरगी दुसरीतच बसून म्हातारी होते की काय! ऊसतोडीचे महिने सोडले, तर अक्का दर मंगळवारी जायच्या.

"पोरगी वर जात न्हाई, तर वर्ग खाली आना."

"वर्ग काय पोतं हाय का अक्का, खाली आणायला? बघू."

"बघा. आमी बसलोय."

चहा झाला, शाळा सुटली, तरी अक्का हलेनात. सर म्हणाले, "अहो, कुलूप लावायचंय मला."

"लावा की. सकाळी उघडनारच हायत नव्हं!"

*

यंदाच्या जूनमध्ये सर आम्हाला इतके वैतागले, की म्हणाले, "आज आयांनी बोलायचंच नाही. मी लेकरांनाच विचारतो. स्वरा, सांग बेटा, तुला काय पाहिजे?"

स्वरा म्हणाली, "ओंकारला दाराजवळ बसवा. त्याला कोपऱ्यात भ्या वाटतं."

"बरं, बसवू. तुझं सांग."

"माझं मी न्हाई सांगत. माझं समीर सांगंल."

सर म्हणाले, "समीर?"

स्वरानं समीरकडं बघून जिन्याकडं बोट केलं. तो उठला. सरांचं बोट धरून त्यांना जिन्यापाशी घेऊन गेला. तिथं खाली बसला, दोन्ही पाय काठीसारखे ताठ केले आणि हातांच्या जोरावर अंग वर ओढायला लागला. एक पायरी चढला. घसरला. परत चढला. मग थांबला, वर राहिलेल्या पायऱ्यांकडं बघितलं आणि सरांकडं वळून हात पुढं केला.

सरांनी तो हात धरून त्याला उठवलं. मग मान वर करून ओरडले, "मॅडम! तिसरीची सगळी पोरं दप्तरांसकट खाली आणा!"

नेकनूरकडं, मांजरसुंब्याकडं, कुठंही एखादी आई शाळेच्या ऑफिसबाहेर पदर तोंडाला लावून एकटीच उभी दिसली, तर तिला एवढं सांगा: मंगळवारी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ये. तुझ्या लेकराचं आम्ही बोलू.